इथे असते तर

"सर इथे असते तर ही रक्कम बरीच मोठी झाली असती, मॅडम," एचआरमधली मुलगी बोलून गेली, आणि लगेच जीभ चावून कीबोर्डकडे बघू लागली.

वाक्यात तसं काही वावगं नव्हतं. नवरा गेल्यापासून 'ते असते तर' हे शब्द तिच्या कानांवरून इतक्यांदा गेले होते की त्यांची धार बोथट झाली होती. शेजारीण म्हणायची, ते असते तर पंख्याची ही कुरकुर एका दिवसात बंद केली असती. मुलगी फोनवर म्हणायची, बाबा असते तर, आणि पुढे काहीच म्हणायची नाही. दीर तर निम्मं बोलणं तिथूनच सुरू करायचा. पण या मुलीने मध्ये एक 'इथे' घातला होता, आणि त्या एवढ्याशा शब्दाला ती अडखळली. रोजच्या जिन्यात एखादी पायरी मुळात बोटभर उंच असावी आणि ते त्या दिवशी पायाला कळावं, तसं. म्हणजे नसण्यालाही ठिकाण असतं. इथे नसणं वेगळं, तिकडे नसणं वेगळं, आणि दोन्हींचे दर आधीच ठरलेले. तिने पर्स मांडीवर नीट धरली. खोलीत गालिच्याचा आणि बंद हवेचा वास होता, आणि तो तिच्या छातीत कुठेतरी जाऊन बसायला लागला होता.

एचआरच्या मुलीने कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे आणि शेजारी बसलेल्या दिराकडे वळवला. वयाने तिच्या मुलीपेक्षा चार-सहा वर्षांनी मोठी असेल. नखांना फिकट रंग लावलेला, एका नखावरचा निघालेला. त्या नखाने ती काचेवर टकटक करत समजावू लागली. आडव्या ओळींत अनुभवाची वर्षं होती, उभ्या रकान्यांत ठिकाणं. "हे सरांचं पद, ऑपरेशन्स मॅनेजर. हा त्यांचा अनुभव, ही शेवटून दुसरी ओळ. आता हा पहिला रकाना म्हणजे आपलं हे शहर. आणि सरांचं ठिकाण..." नख उजवीकडे सरकत गेलं, एक रकाना ओलांडून दुसरा, मग तिसरा, आणि पार कडेला जाऊन थांबलं. "हे. विम्याची रक्कम शेवटच्या पगारावर काढतात. आणि पगार ठिकाणाप्रमाणे बदलतो ना. तिथे घरभाडं कमी, खर्च कमी, म्हणून मग."

"म्हणजे माणूस तोच," दीर म्हणाला. तो वायरमन होता. आज इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, पण खुर्चीच्या टोकावर असा बसला होता की जणू कोणीतरी येऊन ही खुर्ची माझी म्हणेल.

"माणूस तोच, काका. कामही तेच. फक्त ठिकाण."

पडद्यावरच्या त्या चौकटी तिला नव्या नव्हत्या. नवऱ्याने त्या जेवणाच्या ताटावर बोटाने काढून दाखवल्या होत्या. याच कंपनीत तो लागला तेव्हा मालाच्या धक्क्यावर उभा राहून खोकी मोजायचा. मग पाळीचा सुपरवायझर झाला, मग असिस्टंट, मग मॅनेजर. पगाराबद्दल बोलायला त्याला संकोच नव्हता, उलट गंमत वाटायची. म्हणायचा, पहिली पाच वर्षं पगार पळतो बघ. आपल्याला वाटतं आता हा असाच पळत राहणार. मग चालायला लागतो. आणि पंधरा-सोळा वर्षं झाली की बाकावर बसून घेतो, म्हणतो तुम्ही व्हा पुढे. त्यानंतर अनुभव वाढतो तो फक्त इथे. आणि कानशिलावरच्या पांढऱ्या केसांना हात लावून दाखवायचा. तेव्हा ते याच शहरात राहत होते. त्याचा फोन दिवसाकाठी इतक्यांदा वाजायचा की ताटावरून तो किमान दोनदा उठायचा, आणि उष्टा हात वर धरून, फोन खांदा आणि गालात दाबून, खिडकीपाशी उभ्या-उभ्या कुणाकुणाला झापायचा. अकरा नंबरच्या दाराला लावू नका म्हणालो होतो ना. ती गाडी आधी सोडा, ती. मग परत येऊन थंड झालेलं जेवायचा. तिला त्या फोनचा राग यायचा. एकदा तिने तो पिठाच्या डब्यात टाकला होता आणि डबा वाजत राहिला होता, आणि दोघंही पोट धरून हसले होते.

मग तिचा दमा वाढला. पुलाच्या मध्यावर, हातात भाजीची पिशवी, आणि पुढचा श्वासच सापडेना. आजूबाजूने माणसं चालली होती आणि प्रत्येकाच्या नाकात हवा जात होती, तिच्या तेवढी जात नव्हती. डॉक्टर सज्जन होते. म्हणाले, औषध मी वाढवत नेईन, पण हवा काही मला लिहून देता येत नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत नवरा घरी आला तो बूटही न काढता म्हणाला, "तिकडच्या डेपोत जागा आहे. लहान आहे, पण मागे डोंगर आहे म्हणे. जाऊ या." तिने विचारलं, "आणि पगार?" तो म्हणाला, "पद तेच, अनुभव तोच, खुर्ची तर इथल्यापेक्षा मऊ आहे असं ऐकतो. फक्त शंभराचे साठ होतील. चाळीस हवेचे कापले म्हणायचे." ती इतकी हसली की हसण्याचा खोकला झाला आणि खोकल्याने डोळ्यांत पाणी आलं. त्याने पाठीवरून हात फिरवला. ते हसणं तिने इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. कधी मनात पाल चुकचुकली की ती ते काढून बघायची. हसत-हसत गेलो आपण. दोघंही.

"पण एक मार्ग आहे," एचआरची मुलगी सांगत होती. आवाज खाली आणून, जणू कंपनीच्या मागच्या दाराने काही देत असल्यासारखी. "बदली ठरलेली असेल, म्हणजे परत इकडे यायचं नक्की झालं असेल, तर इथला पगार धरता येतो. तशी तरतूद आहे. आणि सरांचं तर तसं बोलणं झालंच होतं ना?"

"कसलं बोलणं?" ती म्हणाली.

मुलीने दिराकडे बघितलं, दिराने वहिनीकडे. "परत इकडे यायचं. येत्या तिमाहीत. इथल्या डेपोच्या प्रमुखांनी स्वतः सांगितलंय, ते लिहूनही देणार आहेत. फक्त विमावाले म्हणतात, नुसतं ऑफिसात बोलून काय होतं, घरात ठरलं होतं का? तर तुम्ही तेवढं सांगायचं. कुटुंबाला माहीत होतं, सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. मी टाइप करते, तुम्ही सही करायची."

"हो, हो, ठरलं होतं," दीर घाईने म्हणाला. "ठरलंच होतं की, वहिनी."

ती उठली. "मला आधी त्यांना भेटायचंय. प्रमुखांना."

"येऊ का मी?"

"नको, भाऊजी. तुम्ही बसा इथेच."

प्रमुखांना घरात ते दोघं 'जनरल' म्हणत. नवऱ्यानेच ठेवलेलं नाव, कारण साध्या चहालासुद्धा ते हुकूम सोडल्यासारखे बोलवत. आता ते टेबलामागून उठून पुढे आले, एवढा धिप्पाड माणूस, आणि आपल्या हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी एक खुर्ची उगाचच इंचभर सरकवली. "बसा. मी येणार होतो तिकडे. मग वाटलं, येऊन बोलायचं काय." ती बसली नाही. त्यांच्या खोलीला एका बाजूने पूर्ण काच होती आणि काचेखाली डेपोचं आवार पसरलं होतं. तिने ते कधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं याच शहरात काढली, रोज डबा भरला, शर्टाच्या कॉलरवरची धूळ घासली, आणि ती धूळ येते कुठून ते बघायला एकदाही आली नाही. खाली दारांची रांग होती, नुसती दारंच दारं, प्रत्येकावर मोठा आकडा, आणि प्रत्येक दाराला पाठ लावून एकेक ट्रक. पिवळ्या गाड्या तोंडात खोकी धरून आत-बाहेर पळत होत्या. कोणी ओरडत होतं, ते काचेतून ऐकू येत नव्हतं, फक्त उघडलेलं तोंड दिसत होतं. अकरा नंबरचं दार तिने शोधून काढलं. तेही गजबजलेलं होतं.

"एवढं मोठं होतं?" ती म्हणाली.

"तो होता तेव्हा याहून जास्त चालायचं," जनरल म्हणाले.

"ते परत येणार होते असं खाली म्हणतात."

त्यांनी चमकून बघितलं. "तुम्हाला सांगितलं नव्हतं त्याने?"

नाही, असं सरळ म्हणता आलं असतं. पण त्या परक्या माणसासमोर, त्या काचेसमोर उभं राहून, माझ्या नवऱ्याने मला सांगितलं नव्हतं, हे वाक्य तिच्याच्याने उच्चारवेना. "सांगितलं होतं," ती म्हणाली. "पण नीटसं नाही."

जनरलांचे खांदे सैल झाले. "हां. मला तीच काळजी होती. तीनदा आला होता माझ्याकडे. म्हणजे यायचा कामाला, पण उठता-उठता विषय काढायचा. पहिल्यांदा मी म्हटलं, अरे पगाराचं ना, इकडे आलास की आपोआप वाढेल. तर रागावला माझ्यावर. इतक्या वर्षांत मी त्याला रागावलेला पाहिला नव्हता. म्हणाला, पगाराचं काय घेऊन बसलात. तिकडे दुपारी तीन वाजले की मला काम नसतं. सहा दारं आणि एक पाळी. सगळं उरकतं आणि मी घड्याळाकडे बघत बसतो. म्हणाला, जे काही शिकलो ते दोन्ही हातांत धरून उभा आहे, आणि खाली ठेवायला जागा नाही."

खाली एक ट्रक मागे येत होता. त्याच्या मागे लाल जाकीट घातलेला एक माणूस हात हलवत उलटा चालत होता.

"आणि माझं... आमचं काय म्हणाले?" तिने विचारलं.

"तुम्हाला हलवायचं नाही म्हणाला. ते पक्कं होतं त्याचं. मी एकटा येतो, एखादी खोली घेतो, सुट्टीला जाऊन-येऊन करतो. म्हणाला, तिची तब्येत सुधारलीय तिकडे, तेवढं एक चांगलं झालं." ते थांबले. "शेवटच्या वेळी म्हणाला होता, घरी सांगायचं तेवढं राहिलंय. बरं झालं, सांगितलं त्याने. ते मनात ठेवून गेला असता तर..." त्यांचीही नजर खाली लाल जाकिटावर गेली, आणि कपाळावर आठी पडली. "खरं म्हणजे गाडी मागे घ्यायला मॅनेजरने जायचं नसतं. त्याला माणसं असतात. त्याने कशाला जायचं उन्हात..." आणि ते एकदम गप्प झाले, कारण उत्तर त्यांनीच मघाशी देऊन टाकलं होतं.

ती बाहेर येऊन पॅसेजमधल्या बाकावर बसली. शेजारी पाण्याचं यंत्र होतं, मधूनच त्याच्या पोटात बुडबुडा उठायचा. अपघात दुपारी उशिरा झाला होता, मागे येणाऱ्या गाडीखाली. तेव्हा सगळे म्हणाले होते, साहेब मदत करत होते. किती चांगला माणूस, ड्रायव्हरला मदत करायला गेला. तिलाही ते पटलं होतं, आणि त्या चांगुलपणाला धरूनच ती या दिवसांत उभी राहिली होती. आता तो चांगुलपणा हातातून सुटला आणि तिथे नुसती एक दुपार उरली. मऊ खुर्ची, आवरलेलं टेबल, घड्याळ. माणूस उठतो, बाहेर जाऊन उन्हात उभा राहतो, इकडेतिकडे बघतो, आणि एक गाडी मागे येत असते. चला, काहीतरी आहे. तिला त्याचा तो चेहरा दिसला. त्याला खूप दिवसांनी आनंद झाला असेल, असं तिला वाटलं, आणि त्या विचाराने छाती अशी आवळली की तिने पर्समधून पंप काढून तोंडाला लावला.

पंपाचं औषध खाली उतरेपर्यंत ती डोळे मिटून बसली, आणि तिकडचं घर एकेक करून समोर येऊ लागलं. जेवताना तो फोन ताटाशेजारी उताणा ठेवायचा. फोन वाजायचा नाही. तिने मुलीला कौतुकाने सांगितलं होतं, बाबा आता माणसात आलेत गं, एका जागी बसून जेवतात. कधी तो आपण होऊन जुन्या डेपोत फोन लावायचा, काय रे, कसं चाललंय, आणि पलीकडचा माणूस कामात असायचा, दोन मिनिटांत फोन संपायचा. मग तो फोनचा पडदा शर्टाला पुसायचा. स्वयंपाकघरातले डबे त्याने एका रविवारी सगळे काढले आणि रोज लागणारे पुढे, महिन्याला लागणारे मागे, अशी शिस्त लावली. प्रत्येकावर आकडा. ती शेजारणीला बोलावून दाखवत होती, बघा, यांचा डेपो! बाल्कनीतून दूरचा मोठा रस्ता दिसायचा. संध्याकाळी तो कठड्याला टेकून उभा राहायचा. ती विचारायची, काय बघता? तो म्हणायचा, आपली गाडी गेली एक, उशिरा निघालीय. तिला वाटायचं, काय शांत झालाय हा माणूस. आणि राहत असलेल्या गावाला तो 'तिकडे' म्हणायचा. तिथेच उभं राहून. तिकडे पाणी बरं येतं. तिकडे डॉक्टर चांगले आहेत. ती त्याला हसायची, अहो, तिकडे काय, इकडे म्हणा आता. तो म्हणायचा, हो, इकडे. आणि दुसऱ्या दिवशी परत तिकडेच.

आणि ती काय करत होती? ती श्वास घेत होती. अधाशासारखी. उजाडताच डोंगरावर जायची, आज पाण्याच्या टाकीपर्यंत, उद्या त्याच्याही वर, आणि लाल गालांनी परत येऊन त्याला सांगायची, आज एकदाही थांबले नाही. तो म्हणायचा, वा! खरंच मनापासून म्हणायचा. आपल्या पैशाने घेतलेली वस्तू चांगली चालतेय हे बघून माणूस म्हणतो तसा. चाळीस हवेचे कापले, हा त्याचा हिशेब तिने खरा धरला. कापलं ते निराळंच होतं आणि ते कुठल्या रकान्यात बसत नव्हतं. त्याने का नाही सांगितलं? तिला एकदम त्याचा राग आला, जिवंत माणसाचा येतो तसा, की समोर असता तर ताट आपटलं असतं. एका शब्दाने बोलला असता तर मी काय अडवणार होते? पण राग तिथेच अडला, कारण उत्तर तिला ठाऊक होतं. ती म्हणाली असती, मग मीही येते. आणि आली असती, आणि पुलाच्या मध्यावर उभी राहिली असती, त्याला दिसेल अशी. नाहीतर म्हणाली असती, जा तुम्ही, आणि त्या 'जा'मध्ये इतकं काही घातलं असतं की तो गेला नसता. त्याला दोन्ही माहीत होतं. त्याने ती गोष्ट बाजूला काढून ठेवली होती, एखादा फुटका माल निर्णय होईपर्यंत बाजूला काढून ठेवतात तशी.

'मी एकटा येतो.' सगळ्यात तो 'एकटा' सलत होता. तिची काळजी म्हणून एकटा, हे तर होतंच. पण त्या काळजीच्या पलीकडे त्याने एक खोली पाहिली असेल. एक खाट, एक खिडकी, सारखा वाजणारा फोन, आणि ताटावरून उठलं तर रागावणारं कोणी नाही. ती खोली त्याला आवडली असेल का? काळजी कुठे संपत होती आणि हौस कुठे सुरू होत होती, ते सांगणारा एकच माणूस होता. यंत्राच्या पोटात बुडबुडा उठला. समोरून दोन माणसं कशावर तरी हसत गेली, तिला बघून हसू आवरून पुढे गेली.

दीर शोधत आला. "वहिनी, ती मुलगी जेवायला जाईल. चला ना." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून बाकाच्या कडेला टेकला. "हे बघा, खरं-खोटं कोण बघत बसलंय. तुम्ही हो म्हणायचं, बस. प्रमुख देतायत ना लिहून? पोरीचं अजून अर्धं शिक्षण व्हायचंय. मी माझ्या परीने करीनच, पण माझी परी केवढी, तुम्हाला माहीत आहे. एक 'हो' म्हटलं तर कुणाच्या बापाचं काय जातंय?"

"म्हणते," ती म्हणाली. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. घर चालवलेली बाई होती ती, आणि मुलीची फी दिसत असताना एका शब्दावरून अडून बसण्यातली नव्हती. एक शब्द बोलायचा आणि गाडी पकडायची, एवढंच ठरवून ती पुन्हा त्या खोलीत शिरली.

मुलीने नवं पान उघडलं. "कुटुंबाला बदलीची कल्पना होती?"

"हो."

"आणि सर्वांच्या संमतीने ठरलं होतं?"

"हो. जेवताना ठरलं," ती म्हणाली.

ते पुढचं वाक्य कुठून आलं ते तिलाही कळलं नाही. मुलीने मान डोलावली आणि टाइप करू लागली. पण ती बोलतच होती. "ते म्हणाले, मला इथे करमत नाही. मी म्हटलं, मला दिसतंय. दुपारनंतर तुम्ही घड्याळाकडे बघता, फोन उताणा ठेवता, मला काय दिसत नाही? ते म्हणाले, तुझा दमा. मी म्हटलं, दम्याचं मी बघेन. औषध आहे, पंप आहे, सवय आहे. ते म्हणाले, तू इथेच राहा, मी एकटा जातो."

"मॅडम, एवढं पुरे," मुलगी हळूच म्हणाली. "'ठरलं होतं' एवढंच लागतं."

"नाही, ऐका ना. मी म्हटलं, एकटे कशाला? मला टाकून जायचंय का? तर चिडले. आमचं भांडण झालं. चांगलं कडाक्याचं झालं. मी म्हटलं, माझ्यासाठी आलात तर बोलून दाखवू नका. ते म्हणाले, मी कधी बोलून दाखवलं? मी म्हटलं, तेच तर, कधी तरी बोलून दाखवायचं होतंत! असं मनात ठेवून ठेवून..." तिचा आवाज चढला होता. शेजारच्या टेबलावरचा माणूस मान वळवून बघायला लागला. "दोन दिवस बोललो नाही. मग मीच म्हटलं, चला, जाऊ या. घर डेपोजवळ घेऊ, चालत जाता येईल असं. दुपारी डबा घेऊन मी येईन, मला बघायचंय तुमचं ते अकरा नंबरचं दार. पुलाकडून नाही जायचं, धूळ असते, मागच्या रस्त्याने जाऊ. आम्ही बघून पण आलो होतो घर. मग हसले. म्हणाले, शंभराचे साठ झाले होते, आता परत शंभर होतील, पण हवेचे चाळीस त्यांना परत द्यावे लागतील. मी म्हटलं, द्या. माझे देऊन टाका."

तिला धाप लागली होती आणि ती थांबली नव्हती. तिकडच्या त्या सगळ्या दिवसांत त्यांचं एकही भांडण झालं नव्हतं. आज पहिल्यांदा होत होतं, आणि दोन्हीकडचं तीच बोलत होती, आणि त्याची वाक्यं त्याच्याच तोंडून यावीत तशी बिनचूक येत होती. मुलीने कीबोर्डवरून हात कधीच उचलले होते. ते मांडीवर ठेवून, ती थोरामोठ्यांच्या घरी आल्यासारखी ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने कागद काढून पुढे सरकवला. त्यावर चार ओळी होत्या. त्यातली एक, कुटुंबाशी विचारविनिमय करून निर्णय झाला होता, अशी. तिने त्याखाली सही केली.

रस्त्यावर आले तेव्हा ऊन तापलं होतं आणि गाड्यांची रीघ लागली होती. तिने पदर नाकाशी धरला. दीर अर्धं पाऊल मागून चालत होता. मग म्हणाला, "मला वाटलं तुम्ही नुसतं हो म्हणाल."

ती चालत राहिली.

"एवढं सगळं झालं होतं? भांडण, घर बघणं, सगळं? दादाने मला एका शब्दाने सांगितलं नाही." त्याचा आवाज दुखावलेला होता. "म्हणजे मी काही परका नाही ना. गेल्याच महिन्यात, म्हणजे त्याच्या आधीच्या महिन्यात, तासभर बोललो आम्ही फोनवर. पाऊसपाणी, हे, ते. आणि हे नाही सांगितलं."

आता सांगून टाकावं, असं तिच्या मनात आलं. भाऊजी, मलाही नाही सांगितलं. आपण दोघंही त्याच बाजूला आहोत. तिने त्याच्याकडे बघितलं. इस्त्रीच्या शर्टाला पाठीवर घामाचा मोठा डाग पडला होता, आणि चेहरा थोरल्या भावाने खेळायला नेलं नाही म्हणून रुसलेल्या पोरासारखा झाला होता. "तुम्हाला सांगणारच होते," ती म्हणाली. "पक्कं झाल्यावर."

"कुठलं घर बघितलं होतं?"

पलीकडच्या फुटपाथला दुकानं होती आणि दुकानांवर राहती घरं, एकसारखी, एकावर एक. तिने हात वर केला. "ते. तिसऱ्या मजल्यावरचं. कोपऱ्यातलं."

तो थांबला. डोळ्यांवर हात आडवा धरून बघू लागला. तिच्याही नजरेला ते घर आत्ताच पडत होतं. कोपऱ्यातल्या खिडकीत एक बाई उशी झटकत होती. झटकून झाल्यावर तिने ती उन्हात कठड्यावर ठेवली आणि आत गेली.

"कोणी राहायला आलेलं दिसतंय," दीर म्हणाला.

"येणारच ना."

"चांगलं आहे. डेपो जवळ पडला असता." तो अजून वरच बघत होता. माणसं त्याला धक्का मारून पुढे जात होती, त्याचं लक्ष नव्हतं. "वायरिंग मी येऊन करून दिलं असतं," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा एकदम चुरगळला. भर रस्त्यात, बाही डोळ्यांना लावून तो रडायला लागला. भाऊ गेला त्या दिवशी तो धावपळीत होता, नंतरही कशात ना कशात होता. ती त्याच्याजवळ उभी राहिली. छातीतून खोकला वर येत होता, तो तिने दाबून धरला.

"तेच म्हणत होते," ती म्हणाली. "तुम्हालाच बोलवायचं म्हणत होते. मधल्या खोलीत एक दिवा जास्त लागेल, म्हणाले."

त्याने बाहीने नाक पुसलं, मान हलवली, आणि परत एकदा वर, त्या घराकडे कामाच्या नजरेने बघितलं.

"लागणारच," तो म्हणाला. "तसल्या घरात मधली खोली अंधारीच असते."